बंदा रुपया आणि टूथपेस्ट

आधी कबुली, मग कॉलम. गेल्या वर्षी मी ऐंशीहून जास्त वयाच्या एका चांदीच्या रुपयाला टूथपेस्ट लावली. जुना ब्रश घेतला, बेसिनपाशी उभी राहिले आणि पाचेक मिनिटं घसाघसा घासला. करडा-निळसर दिसणारा तो रुपया असा काही चमकायला लागला की मी लगेच मोबाइलवर फोटो काढला. त्या पाच मिनिटांत मी काय घालवलं, हे कळायला पुढे चार महिने लागले. आणि ते सांगितलं कुणी, तर सातासमुद्रापार बसलेल्या, मला कधीही न भेटलेल्या माणसानं. तेही फक्त तीन शब्दांत!

तर झालं असं की, आजी गेली तेव्हा तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात बारा रुपये. हसू नका, जुने रुपये! चार राणीछाप, सात पंचम जॉर्जचे आणि एक सहाव्या जॉर्जचा, १९३८ सालचा. त्यातले अकरा आमच्या चांगल्या ओळखीचे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते बाहेर यायचे. आजी ते रिठ्याच्या पाण्यात टाकायची, कधी रांगोळीनं घासायची आणि संध्याकाळी ते हळदीकुंकू लावून ताटलीत विराजमान व्हायचे. बारावा मात्र कधीच ताटलीत आला नाही. तो खणाच्या एका तुकड्यात बांधलेला असायचा. आजीचा जन्म १९३८ चा. तिच्या लग्नात तिच्या मामांनी जन्मसालाचा रुपया मुद्दाम शोधून तिच्या ओटीत घातला होता. ‘तो धुवायचा नाही,’ एवढंच ती म्हणायची. का, ते आम्ही विचारलं नाही. आजीच्या निम्म्या नियमांना आम्ही कधी ‘का’ विचारलंच नव्हतं.

नातवंडं तीन. मी, माझा चुलतभाऊ रोहनदादा आणि सिंगापूरला असलेली आतेबहीण मुग्धा. बारा भागिले तीन, प्रत्येकी चार. सोपं गणित! पण बारावा तिघांनाही हवा होता. दादानं टिपिकल मॅनेजर स्टाइल तोडगा काढला. ‘प्रोफेशनल ग्रेडिंग करून घेऊ. खरा भाव कळेल. ज्याला हवा त्यानं ठेवावा आणि उरलेल्या दोघांना त्यांचा हिस्सा द्यावा.’ पाठवायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, असा घरोघरी समज असतो ना, तसाच आमच्याकडेही आहे.

पाठवण्याआधी मी तो घासला. इंटरव्ह्यूला जाताना आपण शर्ट इस्त्री करतो की नाही? तसंच.

ज्यांच्यामार्फत पाठवला ते नाणेवाले काका पुण्यातले. त्यांनी भिंग लावलं, रुपया दिव्याखाली हळूहळू फिरवला आणि मान वर करून विचारलं, ‘ताई, हा धुतलाय का?’

‘नाही हो काका, घरात असाच होता.’

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. काका काही बोलले नाहीत. ‘बघू, ते काय म्हणतात,’ एवढंच पुटपुटले.

चार महिन्यांनी रुपया परत आला. टणक, पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत. कलेक्टर मंडळी तिला स्लॅब म्हणतात. वरच्या लेबलवर देश, साल, नाण्याचं नाव आणि मग ते तीन शब्द. ‘यूएनसी डिटेल्स. क्लीन्ड.’ नंबर नाहीच.

कंपनीचं नाव सांगत नाही. माझा राग तेव्हा तिच्यावर होता, आता नाही.

सत्तर मार्कांची परीक्षा

राग समजून घ्यायचा तर ही भानगड मुळातून बघायला हवी. नाण्यांना मार्क देण्याची कल्पना अमेरिकेतली. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी काढली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं आणि ७० म्हणजे निर्दोष. ६० च्या पुढचे सगळे ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे हातोहात न फिरलेले, कोरे. गंमत बघा, याच शेल्डनसाहेबांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस नाणी उचलून त्यांच्या जागी आपली कमी प्रतीची ठेवल्याचं पुढे उघड झालं. फूटपट्टी त्यांनी दिली, पण मोजणारा माणूस तिसराच हवा, याचा धडाही त्यांनीच दिला म्हणायचा!

तो तिसरा माणूस म्हणजे ग्रेडिंग कंपनी. एएनएसीएसनं १९७९ मध्ये ग्रेड द्यायला सुरुवात केली. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये मैदानात उतरली. विकणारा म्हणतो ‘एकदम टकाटक’, घेणारा म्हणतो ‘कुठे काय’, आणि मध्ये बसलेला ग्रेडर म्हणतो ‘६३’. मग नाणं डबीत सील. त्याला न पाहताही दुसऱ्या टोकाचा गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार होतो.

प्रश्न आला तो धुतलेल्या, खरवडलेल्या, छिद्र पाडलेल्या, टाका घातलेल्या नाण्यांचा. त्यांचं काय करायचं?

पहिला उपाय म्हणजे सरळ नकार. पीसीजीएस आणि एनजीसी सुरुवातीची कित्येक वर्षं अशी नाणी ग्रेड न देता साध्या प्लास्टिकच्या पाकिटात परत पाठवायच्या. फी मात्र घेऊन! कलेक्टरांनी त्या पाकिटाला नाव ठेवलं होतं ‘बॉडी बॅग’. प्रेत गुंडाळतात ती पिशवी.

दुसरा उपाय एएनएसीएसचा. त्याला म्हणतात नेट ग्रेड. नाण्याचे बारकावे अमुक दर्जाचे, पण ते धुतलंय, म्हणून हिशोबाला तमुक दर्जाचं धरा. म्हणजे तोंडी परीक्षेत उद्धटपणा केला म्हणून लेखीचे मार्क कापायचे.

तिसरा उपाय २००८ च्या सुमारास रुळला. एनजीसीनं ‘डिटेल्स’ ग्रेड द्यायला सुरुवात केली. पीसीजीएसनं आधी नुसतं ‘जेन्युइन’ लिहिलं आणि पुढे तीही डिटेल्सवर आली. यात नंबर मिळत नाही. किती झिजलंय ते शब्दात लिहितात आणि बिघाड काय तो शेजारी लिहितात.

माझ्या रुपयाला मिळाला तो हाच तिसरा उपाय.

चकाकी आणि चमक

स्लॅब घेऊन मी तावातावानं काकांकडे गेले. ‘चांदीचा रुपया चकचकीत केला, तर त्यात बिघडलं काय?’ म्हणजे कबुली आपसूकच झाली की हो! काका हसले. त्यांनी त्यांच्याकडचा १९३८ चाच एक रुपया काढला आणि दोन्ही दिव्याखाली धरले.

त्यांचा रुपया फिरवला की पात्यासारखा उजेडाचा एक पट्टा राजाच्या गालावरून सरकत गोल फिरायचा. माझा फिरवला की सगळीकडून सारखाच पांढरा उजेड. स्टीलच्या वाटीसारखा.

टांकसाळीत ठसा दणकन बसतो, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. त्यांच्यावरून उजेड परततो, ती खरी चकाकी. तो करडा-निळसर थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीची झालेली अगदी पातळ प्रक्रिया. त्याच्याखाली ती चकाकी शाबूत होती. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक कण असतात. त्यांनी थर काढला, त्याबरोबर त्या रेषाही सपाट केल्या आणि वर स्वतःचे केसासारखे ओरखडे सोडले. हेअरलाइन्स. ठसा पुन्हा पडत नाही, म्हणून चकाकीही पुन्हा येत नाही. जगातला कुठलाही सोनार ती परत आणू शकत नाही.

‘भाव?’ मी विचारलं.

‘निम्म्याच्या खाली गेला, ताई.’

ते तीन शब्द पुन्हा वाचताना

दोन दिवस मी फुगून होते. तिसऱ्या दिवशी रात्री लेबल पुन्हा वाचलं आणि जाणवलं की, यात दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. ‘यूएनसी’ म्हणजे हा रुपया कधी बाजारात खर्चलाच गेला नाही. मामांनी ओटीत घातला तेव्हा कोरा होता, आजीनं इतकी वर्षं कोराच सांभाळला. हे आजीचं प्रगतिपुस्तक. ‘क्लीन्ड’ म्हणजे नंतर कुणीतरी शहाणपणा केला. हे माझं.

जुन्या पद्धतीनं बॉडी बॅगमध्ये परत आला असता, तर मी घरी सांगून मोकळी झाले असते, ‘अमेरिकन लोकांचे नखरे, दुसरं काय!’ आणि आजीचं श्रेयही कुणाला कळलं नसतं. नेट ग्रेड मिळाला असता, तर मधलाच कुठलातरी दर्जा दिसला असता आणि दादाला वाटलं असतं की, रुपया आजीच्याच हातून थोडा झिजला. म्हणजे माझी चूक आजीच्या खात्यात! मला यातलं काहीच करता आलं नाही. म्हणून माझं ठाम मत झालंय की खराब नाण्यांच्या बाबतीत डिटेल्स हीच पद्धत बरोबर. नाणं खरं असेल तर त्याला नाकारू नका. झीज आणि बिघाड यांची बेरीज-वजाबाकी करू नका. दोन गोष्टी दोन ठिकाणी लिहा.

पण (हा ‘पण’ महत्त्वाचा) तेवढ्यावर थांबूही नका.

एका शब्दात किती जण कोंबणार?

‘क्लीन्ड’ या एका शब्दात कोण कोण येतं बघा. रिठ्याच्या पाण्यानं धुणारी आजी येते. टूथपेस्टवाली मी येते. आणि गिऱ्हाइकाला फसवायला तारेचा फिरता ब्रश मारून खोटी चकाकी आणणारा भामटाही येऊ शकतो. त्या प्रकाराला बाजारात ‘व्हिझिंग’ म्हणतात. हलकं, जुनं, वर पुन्हा रंग धरलेलं धुणं आणि कालपरवाचं ओरबाडणं यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भावातही आहे. मग लेबलवर का नसावा?

अवघड आहे म्हणावं, तर तेही नाही. एनजीसी प्राचीन नाणी ग्रेड करते तेव्हा झिजेचा दर्जा वेगळा देते, ठसा कसा बसलाय त्याला पाचपैकी मार्क आणि पृष्ठभाग कसा आहे त्यालाही पाचपैकी मार्क. कारण उघड आहे. जमिनीतून निघालेलं नाणं कुणीतरी साफ केल्याशिवाय दिसणारच नाही! रोमन देनारियसला पृष्ठभागाचे मार्क स्वतंत्र मिळतात, तर आमच्या १९३८ च्या रुपयाला का नकोत? ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड, पृष्ठभाग पाचपैकी दोन.’ झालं काम.

कारण लिहिलं की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. एसएस रिपब्लिक हे जहाज १८६५ मध्ये बुडालं आणि २००३ मध्ये सापडलं. समुद्राच्या पाण्यानं खाल्लेल्या त्यातल्या चांदीच्या नाण्यांच्या लेबलवर एनजीसीनं ‘शिपरेक इफेक्ट’ असं लिहिलं. तीच खराबी, पण कारण कळल्यावर लोक ती नाणी हौसेनं घेतात. चिनी व्यापारी चांदी तपासायला अमेरिकन ट्रेड डॉलरवर आपला शिक्का ठोकायचे. पीसीजीएस आज ‘चॉप मार्क’ अशी नोंद करून अशा डॉलरला नेहमीचा नंबर देते. आपल्याकडचे सराफही रुपयांवर पारख केल्याच्या खुणा करायचे. ती खूण म्हणजे नाण्याच्या नोकरीचा शिक्का. तिला ओरखडा म्हणून कसं चालेल?

आणि एक टोचणारा मुद्दा. चांदीचं नाणं सौम्य आम्लाच्या द्रावात क्षणभर बुडवून काढलं की काळेपणा जातो. याला म्हणतात डिप. बेताची डिप ग्रेडर खपवून घेतात आणि नाण्याला स्वच्छ नंबर मिळतो. शिवाय एनजीसीच्याच समूहातली एनसीएस फी घेऊन नाण्यांवरची घाण आणि चिकट थर काढून देते. पीसीजीएसचीही रिस्टोरेशन सेवा आहे. ते काम कसबी माणसं, धातूला धक्का न लावता करतात, हे मान्य. पण मग लेबलवर तसं लिहायला काय हरकत आहे? माझं धुणं लिहायचं आणि त्यांचं गाळायचं, हे काही पटत नाही. घेणाऱ्याचा हक्क दोन्हीकडे सारखाच ना?

आपल्या डब्यांचं काय?

तुमच्याही घरी असा डबा असेल. राणीछाप रुपयांचा हार असेल, पुतळ्यांची माळ असेल. नाण्याला टाका मारून माळेत ओवलं की ग्रेडरच्या लेखी तो बिघाड. चिंच-मीठ लावून गुलाबी केलेली तांब्याची शिवराईसुद्धा. आपल्यासाठी मात्र ती पूजा, तो दागिना. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत भांडण लावायची गरज नाही. जे नाणं पूजेचं, ते पूजेचंच राहू द्या. ग्रेड बाजारासाठी असतो, देव्हाऱ्यासाठी नाही.

पण विकायचं किंवा वाटणी करायची असेल, तर माझ्यावरून शिका:

• काहीही घासू नका. टूथपेस्ट, सोडा, चिंच, राख, रांगोळी, कपडा, काहीही नको. आधी जाणकाराला दाखवा.

• नाणं कडेला धरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतरानं हिरवट चिकट थर धरतो.

• स्लॅबमधलं नाणं घेताना नंबर शोधू नका, अख्खं लेबल वाचा. ‘डिटेल्स’ शब्द दिसला की कुठला बिघाड, ते विचारा. आणि लेबल वाचून झालं की नाणं बघा.

• शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवायचं डोक्यातून काढा. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यानुसार ती पुरावस्तू ठरतात आणि आपल्याला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आमचे राणीछाप म्हणूनच डब्यात राहिले. १९३८ चा शंभरीच्या आत होता, म्हणून फिरून आला.

आणि शेवटी तो कॉल

रविवारी तिघांचा व्हिडिओ कॉल झाला. मी लेबल कॅमेऱ्यासमोर धरलं. दादानं वाचलं आणि म्हणाला, ‘क्लीन्ड? आजीनं तर तो कधीच धुतला नाही.’

घसा कोरडा पडला. मग सांगितलं. टूथपेस्ट, बेसिन, काकांशी बोललेलं खोटं, सगळं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुग्धा म्हणाली, ‘म्हणून ती धुवायचा नाही म्हणायची. तिला माहीत होतं गं.’ ग्रेडिंग, हेअरलाइन्स हे शब्द आजीच्या गावीही नव्हते. पण कोरं म्हणजे काय, ते तिला बरोबर कळत होतं.

दादानं निकाल दिला. ‘रुपया तूच ठेव. पण आमचा हिस्सा घासायच्या आधीच्या भावानं द्यायचा.’ दिला. तीन हप्त्यांत! फ्रीलान्सरचे पेमेंट कधी येतात, तुम्हाला माहीतच आहे.

स्लॅब आता त्याच खणाच्या तुकड्यात आहे. सोबत एक चिठ्ठी ठेवलीय, कारण लेबलवर एवढं लिहायची सोय अजून तरी नाही. ‘हा रुपया आजीनं कोरा ठेवला. टूथपेस्टनं मी घासला, एकदाच, पाच मिनिटं.’ खाली तारीख आणि सही. पुढे कधी हा डबा कुणी उघडला, तर त्याला हा बंदा रुपया कसा होता आणि कुणी कसा बिघडवला, हे दोन्ही कळायला हवं.

या दिवाळीला बाकीच्या अकरांपैकी माझ्या वाट्याचे तीन मी रिठ्याच्या पाण्यात टाकणार आहे. ते धुवायचेच असतात!